भिका आप्पांच्या डोळ्यातला चर

रनाळ्यात लग्न कुणाचंही असो, भिका आप्पा आधी पंगतीच्या पार टोकाला जातात. शेवटच्या पाहुण्याच्या ताटात बट्टी बुडेल इतकं वरण आहे का, ते वाकून पाहतात आणि मगच स्वतः बसतात. नवरीच्या बापालासुद्धा इतकी काळजी नसते! जन्मभर मिरचीला ठिबकच्या नळ्या टाकलेला हा माणूस. "शेवटला पोचनं का?" हा एकच प्रश्न ते सगळ्या जगाला विचारतात.

गेल्या वर्षी आप्पांना काचबिंदू निघाला. शेजारी राहणारा शाळामास्तर म्हणून नंदुरबारला मी सोबत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होत नाही, दाब वाढतो, मागच्या नसेला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या दबतात. शस्त्रक्रियेने पाण्याला वाट करू; दाब उतरला की रक्तालाही सोपं जाईल.

मी दुसरा काही उपाय आहे का, ते विचारू लागलो. आप्पा खूश.

"मंग आसं सांगा ना, बाई. वावरमा पानी तुंबनं तं चर खंदतस."

मग चराला उतार किती, तो बुजला तर काय, अशी त्यांनी बाईंचीच तपासणी केली. बाई हसल्या, पण एक गोष्ट बजावली. कडेची गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचवायची.

शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. दाब उतरला होता. आप्पांनी अर्थातच विचारलं, रक्त नसेच्या शेवटापर्यंत पोचलं का. बाई म्हणाल्या, ते हळूहळू कळेल, तुम्ही औषधाचे थेंब चुकवू नका.

बाहेर बाकावर, उघड्या दारातून सगळं पाहत बसलेली जिजाबाई, आप्पांची बायको. तिला जन्मापासून ऐकू-बोलता येत नाही. पण हातांनी असं भांडते की अंगणातल्या कोंबड्या पळतात. डॉक्टरांशी इतका वाद कशाला घातला, म्हणून तिने लगेच झाडायला सुरुवात केली. मी पाहतच राहिलो. एरवी आभाळभर फिरणारे ते हात आज आप्पांच्या नाकासमोर, ताटलीएवढ्या जागेत बोलत होते.

"कडनं माले दिसत नही, मास्तर," आप्पा हळूच म्हणाले. "म्हनीसन ती मधमा बोलस."

जिजाबाईचं झाडणं लांबतच गेलं. त्यातली एकही शिवी सुटू नये म्हणून आप्पा पापणी न हलवता तिच्यासमोर उभे होते, आणि गालातल्या गालात हसत होते.