शकूरचाचांची फिकी फोल्डरं

शकूरचाचा एका माणसाचे दोन फोटो काढायचे आणि एकच द्यायचे. साक्रीत बाजाराच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. रेशनकार्डाला, बँकेला, शाळेला फोटो पाहिजे म्हणून माणूस यायचा. चाचा त्याला स्टुलावर बसवत, "हनुवटी खाली, श्वास सोडा," म्हणत आणि फोटो काढत. तो उठायला लागला की खांदा दाबून म्हणत, "बैठो, बैठो. पहिला सरकारचा झाला. आता दुसरा तुमचा."

दुसऱ्याला हनुवटी कशीही चालायची. चाचा विचारत, "सासुरवाडी कुठली?" सासुरवाडीचं नाव काढलं की भलाभला माणूस हसतो. तेवढ्यात चाचा बटण दाबत. हा दुसरा फोटो मागितला तरी देत नसत. "अभी नहीं. वेळ आली की घेऊन जातील." कोण घेऊन जातील, ते सांगत नसत.

मी तिथे नऊ वर्षं कामाला होते. झाडायचं, काचा पुसायच्या, फोटो कापायचे, पाकिटावर नाव लिहायचं. चौथीपर्यंतचं शिक्षण तेवढ्याला पुरत होतं. गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं.

स्टुडिओत एक काळा कोट होता. पाठीत उसवलेला, पण मागून चिमटे लावले की कोणालाही बसायचा. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या पुरुषांनी जन्मात एकदाच कोट घातला, आणि तो हाच. कंगवा दोरीने खिळ्याला बांधलेला. टक्कल पडलेल्याच्याही हातात चाचा तो देत. "फिरवा, फिरवा. केस नसले तरी जीव थाऱ्यावर येतो." कॉम्प्युटरशी तर ते बैलासारखं बोलत. सुरू व्हायला वेळ लागला की वरून थोपटत, "चल रे राजा, ऊठ."

कॉम्प्युटरात प्रत्येक माणसाचं एक पिवळं फोल्डर होतं, त्यावर मराठीत नाव. कोणी गेल्याचं कळलं की चाचा हातातला चहा खाली ठेवत, त्या माणसाचं फोल्डर शोधत आणि लपवायची टिक लावत. फोल्डर पडद्यावरून नाहीसं व्हायचं. मी एकदा विचारलं, कशासाठी? म्हणाले, "दुसऱ्याचं फोल्डर शोधताना गेलेला माणूस चुकून समोर यायला नको, बेटा. घरचं कोणी बाजूला उभं असतं."

मग काही दिवसांनी घरची माणसं यायची, हातात आधारकार्डाची काळपट झेरॉक्स. "यावरून मोठा करून द्या, हार घालायचाय." चाचा झेरॉक्स बाजूला सारत आणि लपलेली फोल्डरं दाखवायची टिक लावत. पिवळ्यांच्या मधेमधे फिकी फोल्डरं दिसू लागत. त्यातून ते दुसरा फोटो काढून देत. एक बाई फोटो बघून म्हणाली होती, "हे असे हसायचे, मी विसरूनच गेले होते."

एका उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर जळाला. दुरुस्तीवाल्याने धुळ्याहून नवीन आणला, जुनं सगळं त्यात घातलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी डोंगराकडच्या खेड्यातून धोंडूआबा आले. बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी गंधमुक्ती, म्हणजे दहावा.

"चाचा, मन्ही घरवालीना फोटू शे ना?" ते दारातूनच म्हणाले. "घरमा एक बी नही."

"आहे ना, आबा. बसा."

चाचा बसले आणि जुन्या जागी दाखवायची टिक शोधायला लागले. ती जागाच नव्हती. पडदाभर पिवळी फोल्डरं, फिकं एकही नाही. बंद करून चालू केलं, थोपटलं, पडदा रुमालाने पुसला. दुरुस्तीवाला फोन उचलेना. धोंडूआबा गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. चाचांनी चष्मा काढला आणि मला हळूच म्हणाले, "सगळे गेले, बेटा. दुसऱ्यांदा गेले."

मला इंग्रजी वाचता येत नाही. पण चाचा रोज पडद्यावर कुठे जातात ते मी काचा पुसताना पाहिलेलं होतं. चोचीसारख्या अक्षराने सुरू होणारा एक शब्द होता. तो नव्यातही होता, फक्त दुसरीकडे. मी बोट दाखवलं. त्यातून एक यादी उघडली. सगळ्यात खालच्या ओळीला बारीक बाण होता, त्यातून आणखी एक यादी निघाली. चाचा चष्मा लावून एकेक ओळ वाचू लागले आणि एकदम ओरडले, "अरे, इथे येऊन बसलीस होय!" टिक लावली.

फिकी फोल्डरं आली. सगळी आली.

धोंडूआबांच्या बायकोने दुसऱ्या फोटोत पदर दातात धरला होता आणि तरी हसू बाहेर आलं होतं. आबा बराच वेळ बघत राहिले. "मी कोट घालेल व्हतू," ते म्हणाले, "म्हनीसन हासनी ती."

ते फोटो घेऊन गेल्यावर मी पडद्याकडे पाहिलं. फिक्या फोल्डरांत एक नाव होतं, शकूर. चाचांनी घाईने माउस हलवला, पण मी वाचलं होतं.

"तुमचं का यात?"

"मी एकटा. मी गेल्यावर लपवायची टिक कोण लावणार? आपणच लावून ठेवली."

त्यांनी फोल्डर उघडून दाखवलं आणि आतला फोटो मला ओळखू आला. मीच काढला होता. दोन वर्षांपूर्वी स्वतः स्टुलावर बसून ते म्हणाले होते, "दाब गं बटण, लाइट बघायचाय." मी घाबरून दोन्ही डोळे मिटले. त्यावर ते खो खो हसले आणि तेवढ्यात मी दाबलं. मला वाटलं, लाइटच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते यायच्या आधी, मी धूळ पुसता पुसता त्यांच्या फोल्डरची टिक काढली. जिवंत माणसाने तिथे बसू नये. संध्याकाळी त्यांनी ती परत लावली. सकाळी मी काढली. असं रोज चाललं. एकदाच ते छताकडे बघत म्हणाले, "या कॉम्प्युटरात उंदीर शिरलाय वाटतं." मी फोटो कापत राहिले.

यंदा थंडीत चाचा गेले. घरीच, दुपारच्या झोपेत. संध्याकाळी त्यांचा पुतण्या जळगावहून आला. दुकानात येऊन म्हणाला, "लोकांना मोबाइलवर कळवायचंय. चाचांचा एखादा फोटो आहे का? माझ्याकडे कार्डावरचाच आहे."

मी चाचांच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर याआधी कधी बसले नव्हते. फोल्डर पिवळंच होतं, त्याच सकाळी मी टिक काढली होती. फोटो उघडून दाखवला. पुतण्या बघत राहिला. "असे हसायचे चाचा? कोणी काढलाय?"

"मी," मी म्हणाले.

तो फोटो घेऊन गेला. मग मी चाचांच्या फोल्डरला लपवायची टिक लावली. आजवर मी ती काढतच आले होते.