चुंबकाची टोपी

आमच्या शेजारचे आप्पा चहाचा कप आधी स्पीकरच्या चुंबकावर ठेवत आणि मग पीत. तोवर चहा गार होई. पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात त्यांचा जन्म गेला होता. "लोहचुंबक खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं पालुपद.

गांधी टोपीच्या आत त्यांनी चुंबकाच्या चकत्या शिवून घेतल्या होत्या. एकदा बँकेच्या ग्रिलखालून वाकून निघताना टोपी ग्रिललाच चिकटून राहिली आणि आप्पा तसेच पुढे गेले. गल्लीला तो विषय वर्षभर पुरला.

टोपी खरं तर त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी होती. त्यांनी बोलणंच सोडलं होतं. गोळ्यांनी गुण येईना. म्हणून आधी आप्पांनी टोपी स्वतःवर तपासली, मग काकूंना घातली. काकूंनी ती काढून खुंटीला लावली.

शेवटी इथल्या डॉक्टरांनी पुण्याला जायला सांगितलं. तिथे अशा उदासीवर डोक्याला कॉइल टेकवून चुंबकाचे ठोके देतात म्हणे. आप्पांनी गल्लीभर सांगितलं, "मी काय बोंबलत हुतो? आता डागदर बी तेच म्हणत्यात की."

पुण्याचे डॉक्टर इंग्रजी बोलणार, म्हणून कॉन्व्हेंटमधली मी सोबत. "पोरगी कुणाशी बोलत न्हाय, पर इंग्लिश झ्याक बोलती." यातलं अर्धंच खरं होतं.

आप्पांनी सोबत आणलेली टोपी बघून डॉक्टर म्हणाले, तिच्यातल्या चुंबकाचा मेंदूवर काही परिणाम होत नाही. मी हे जमेल तितकं मऊ करून सांगितलं. आप्पांनी टोपी पिशवीत टाकली.

मग नर्सने काकूंना अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं आणि ट्रे पुढे केला. काकूंनी मंगळसूत्र मुठीत धरलं. मूठ सुटेना.

"दे हिकडं," आप्पा म्हणाले. "मी हाय न्हवं."

ते ट्रेमध्ये कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातलं. कॉरिडॉरमधले लोक बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. आतून टकटक आवाज येत होता. चुंबकाबद्दल आप्पा चकार शब्द बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "बोलंल न्हवं गं ती?"

काकू बाहेर आल्या. बराच वेळ आप्पांच्या गळ्याकडे पाहत राहिल्या.

"अवो, काय ह्यो अवतार," त्या म्हणाल्या. "काढा ते."

मागून डॉक्टर मला इंग्रजीत सांगत होते, हा मशीनचा गुण नव्हे, त्याला काही आठवडे लागतात, उद्या पुन्हा यायचं.

आप्पांनी मंगळसूत्र काढलं नव्हतं. "काय म्हणत्यात डागदर?"

"उद्या परत या म्हणतात," मी म्हटलं.