तिसरं बटण

"एक चूक करायची. लहानशीच, पण मुद्दाम. आणि ती दुरुस्त करायची नाही."

समुपदेशक बाईंचा हा शांत आवाज सकाळपासून मास्तरांच्या कानात घुमत होता. समोर दंतवैद्यांचा नवा पांढरा शर्ट होता. पाच बटणं पांढऱ्या दोऱ्यानं लावून झाली होती, तिसऱ्याची जागा तेवढी मोकळी होती आणि सुईत दोरा हिरवा होता. एकतीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला सुई इतकी जपून धरताना कुणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, की मास्तर शर्टाला बटण नव्हे, सुरुंग लावतायत.

मास्तरांचं दुखणं साधं होतं. त्यांना शिवता उत्तम येत होतं; फक्त शिवलेलं देता येत नव्हतं. बाही मोजायची, पुन्हा मोजायची, खुंटीला टांगून लांबून बघायची आणि अर्धा सूत फरक असल्याची शंका आली की उसवायची. गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे जात. तेही एक वेळ चाललं असतं. पण मुलीच्या पदवीदानाचा कोट त्यांनी समारंभाच्या दुसऱ्या दिवशी पुरा केला. ती बिचारी मैत्रिणीचा कोट घालून उभी राहिली. तो फोटो बाहेरच्या खोलीत लावलेला होता. कोटाच्या बाह्या इतक्या लांब, की पदवी हातात आहे हे सांगावं लागे. मुलगी त्यावर अक्षर बोलली नव्हती. मास्तर मात्र रोज त्या बाह्यांकडे बघत आणि मनातल्या मनात मोजत.

आता तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेधशाळेत नोकरी लागली होती. तिकडेच ती खोली घेऊन राहत होती. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी कामाचा पहिला दिवस.

"त्या दिवशी सकाळी सातला नवा कोट तुझ्या हातात," मास्तरांनी फोनवर शब्द दिला.

"बरं, बाबा," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये मैत्रिणीचा कोट इस्तरी करून तयार होता.

तेव्हा बायकोनंच त्यांना समुपदेशक बाईंकडे नेलं.

"मला वेड लागलंय का?" मास्तरांनी आधीच विचारून घेतलं.

"नाही. बाहेर बसलेल्यांनाही नाही लागलेलं," बाई म्हणाल्या. "कुणी पुलावर गाडी घालायला घाबरतं, कुणाला फोन वाजला की धडकी भरते, कुणाला झोप नाही, कुणाचं मन कशातच लागत नाही. मनात विचार येतो, त्यानं भीती वाटते, भीतीपोटी आपण काहीतरी करत बसतो. पण तो विचार खरा होता का, हे बघायचं राहूनच जातं. ते आपण करून बघायचं. सीबीटी म्हणतात याला. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि आयता तर कुणालाच येत नाही. घरचा अभ्यास असतो."

"तो मी करीन," मास्तर म्हणाले. "दोनदा करीन."

"एकदाच करायचा," बाई म्हणाल्या. "तोच तुमचा अभ्यास."

त्यांनी वहीत तीन रकाने आखून दिले. काय होईल असं वाटतं, या रकान्यात मास्तरांनी लिहिलं, 'दंतवैद्य दुकानात येऊन ओरडतील. दुकान बसेल.' किती खात्री, यात आधी 'एक्याण्णव टक्के' लिहिलं, मग खोडून 'नव्वद' केलं. प्रत्यक्षात काय झालं, हा रकाना कोरा होता.

शर्ट गेला. चार दिवस गेले.

"काय झालं मग?" बायकोनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग तसं लिहा की."

"असं कसं लिहू? त्यांनी बघितलंच नसेल तर?"

"अहो, सारखं तपासायचं नाही, म्हणून तर बाईंनी..."

मास्तर तोवर चपला घालून निघालेसुद्धा.

दंतवैद्यांच्या खुर्चीत ते बसले आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की देव आहे. दंतवैद्य त्यांच्यावर वाकले, अंगातला डगला उघडा होता आणि ते तिसरं बटण नाकापासून चार बोटांवर आलं. दोरा हिरवागार दिसत होता.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही. सहज आलो."

"इथं सहज कुणी येत नाही, मास्तर. आ करा."

शोधल्यावर एक दाढ सापडलीच. तोंड उघडं ठेवून मास्तर बटणाकडे बोट दाखवत राहिले. फार दुखतंय असं समजून दंतवैद्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. दाढ निघाली, कापूस बसला, तेव्हा कुठं मास्तरांना बोलता आलं.

"तिशलं बतन बघा."

दंतवैद्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेजारची नर्स वाकली. "अय्या, हिरवा दोरा! किती छान दिसतंय. मुद्दाम केलंय ना?"

"मुद्दाम," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कलावंत आहात हो तुम्ही!" दंतवैद्य म्हणाले.

मास्तरांनी घरी येऊन तिसरा रकाना भरला. 'ओरडले नाहीत. दाढ गेली.'

आठवड्याभरात नऊ जण शर्टाचं कापड घेऊन आले, त्यांत दंतवैद्यांचे धाकटे भाऊही होते. सगळ्यांना तिसरं बटण हिरव्या दोऱ्यानं हवं होतं. मास्तरांनी हिरव्या दोऱ्याची अकरा रिळं खिडकीत उजेडाला मांडली आणि नेमका तोच हिरवा कोणता, हे ठरवत बसले. मुलीचा कोट खुंटीला तसाच लटकत राहिला. वहीत नवी नोंद झाली. 'चूक बरोबर आली नाही तर लोक हसतील. पंचाण्णव टक्के.'

बाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "म्हणजे आता चूक चुकेल, याची भीती?"

"हो."

"मग आता रीळ न बघता उचला," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी दंतवैद्यांचे धाकटे भाऊ हातात शर्ट फडकवत दुकानात शिरले. "मास्तर, हे काय? सहाच्या सहा बटणं पांढरी! सगळ्यांना सांगून ठेवलं होतं मी. माझी चूक कुठंय?"

मास्तरांनी शर्ट पाहिला. हिरव्याच्या नादात, हाताच्या जुन्या सवयीनं, तो बिनचूक शिवला गेला होता. एकतीस वर्षांतली ही पहिली खरी चूक.

गृहस्थ ओरडत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. वहीत लिहिलं होतं, अगदी तस्संच. मास्तर दुकान बसायची वाट बघत उभे राहिले. पंखा फिरत होता. मशीन जागच्या जागी होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर उच्चारलंच नव्हतं, सोपं निघालं. "बसा, आत्ता लावून देतो."

न बघता रीळ उचललं, दोन मिनिटांत बटण लावलं. गृहस्थांनी शर्ट उलटापालटा केला. "पुढच्या आठवड्यात पँटचं कापड आणतो," ते जाता जाता म्हणाले. "माप आहे ना माझं?"

मास्तरांनी लिहिलं, 'ओरडले. दुकान आहे.' मग वही मिटून मुलीचा कोट खुंटीवरून काढला आणि संध्याकाळपर्यंत शिवत राहिले. उसवलं काहीच नाही.

सोमवारी पहाट सरता सरता कोट घरच्या खुंटीला होता, इस्तरी केलेला. डावा खिसा अर्धा सूत खाली होता. मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. "अहो, तो डावा खिसा..."

"दिसला."

त्यांनी टेप काढून खुंटीला अडकवली आणि कोट घडी घालून पिशवीत ठेवला. बाहेरच्या खोलीत फोटोपाशी ते सवयीनं थबकले. बाह्या होत्या तेवढ्याच लांब होत्या. पण त्यांच्या वर मुलीचा चेहरा होता, आणि ती चक्क हसत होती. हे इतक्या दिवसांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

सहाची बस होती. मास्तरांनी आवाज न करता दार ओढून घेतलं आणि पिशवी छातीशी धरून ते जिना उतरू लागले.