ग्रुप फोटोतून माणूस काढण्याची रीत

माणूस नश्वर आहे, पण ग्रुप फोटो दुरुस्त करता येतो. कोलकात्यातलं एक मराठी मंडळ याच तत्त्वावर सुरळीत चाललं आहे.

मंडळाचे सभासद बँकेतले नाहीतर केंद्र सरकारातले, म्हणजे बदलीवाले. भिंतीला खिळा ठोकेपर्यंत बदलीचा हुकूम हातात. त्यातून डमडमची मंडळी गणपतीच्या आरतीला पोचतात, तेव्हा हावड्याची मंडळी प्रसाद खाऊन बस पकडायला निघालेली असतात. अशांचा दरवर्षी एकत्र फोटो काढायला जाणं हा शुद्ध वेडेपणा, हे कार्यकारिणीने वेळीच ओळखलं. सगळे एकदाच जमले होते. तोच फोटो दरवर्षी अद्ययावत होतो. गेलेले काढायचे, आलेले चिकटवायचे, स्मरणिकेत छापायचा. (मूळ फोटोतलं आजमितीस उरलंय ते फक्त डावीकडचा पंखा. त्याची बदली होत नाही.)

या कामाला माणसं तयार व्हावीत म्हणून मंडळाने ‘प्राथमिक छायाचित्र-दुरुस्ती वर्ग’ काढला. सुलभाताईंनी नाव घातलं ते भाचीच्या लग्नातल्या फोटोंमधली आपली हनुवटी आवरता यावी म्हणून. शिकवायला सॉल्ट लेकच्या आयटी कंपनीतला सलील. एका रविवारी मुरुम, पुढच्या रविवारी डोळ्यांखालची काळी वर्तुळं, त्याच्या पुढच्या रविवारी माणसं.

“काकू, ब्रश मुरुमाचाच,” सलील म्हणाला. “आकार तेवढा मोठा करायचा. शेजारची भिंत उचला आणि माणसावर फिरवा.”

इतकं सोपं असेल असं सुलभाताईंना वाटलं नव्हतं.

सरावाला मिळाली यामिनी. त्यांची रोजची मैत्रीण, नवऱ्याच्या बदलीपायी नुकतीच भोपाळला गेलेली. तिच्यावरून भिंत फिरवताना सुलभाताईंचा जीव तुटला, पण काम चोख झालं. एक हात तेवढा राहिला. स्मरणिका छापून आली, तेव्हा अध्यक्ष श्यामरावांच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा, मालकीण नसलेला हात होता. त्यांच्या पत्नीने, मीनाकाकूंनी, तो भर सभेत दाखवला.

“हा कुणाचा हो?”

श्यामराव शपथेवर म्हणाले, की त्यांना ठाऊक नाही. (खरंच होतं. हात मुळात होता सुलभाताईंच्या खांद्यावर. रिकामी जागा भरायला अध्यक्षांना मध्ये सरकवलं होतं.) ठराव झाला, की यापुढे माणूस हातापायांसकट काढावा.

सगळे पोट धरून हसले. सुलभाताई तेवढ्या कुणीतरी यामिनीचं नाव घेईल म्हणून थांबल्या होत्या. कुणी घेतलं नाही. तिच्या हातच्या पुरणपोळ्या या सभेने वर्षानुवर्षं हाणल्या होत्या, आणि त्या हाताची ओळख कुणाला पटेना. उद्या आपलंही हेच होणार, हे त्यांनी ओळखलं.

तो उद्या फार लांब नव्हता. सुलभाताईंच्या यजमानांची, शरदरावांची, नागपूरला बदली झाली. कार्यकारिणीने आभाराचा ठराव केला, नारळ दिला आणि विनंती केली, की ताईंचा हात आता बसलाच आहे तर जाण्यापूर्वी दोघांनाही काढून जावं, मागे कुणाला त्रास नको.

सुलभाताईंनी आधी यजमानांना काढलं. (संसारात त्यांचं कुठलंच काम इतकं झटपट उरकलं नव्हतं.) मग स्वतःची साडी, अंबाडा, हनुवटी. शेवटी ब्रश आला मीनाकाकूंच्या खांद्यावर टेकलेल्या आपल्या हातापाशी. थोडा वेळ तो तिथेच घुटमळला. मग सुलभाताईंनी फाइल सेव्ह केली आणि सामान बांधायला घेतलं.

छपाईच्या आधी सलीलच्या नजरेत ते आलंच. “मीनाकाकू, तुमच्या खांद्यावर हात राहिलाय. काढू?”

काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “सुलभाचा आहे.”

तुमच्याही घरी एखादा ग्रुप फोटो असेलच. माणसं मोजा, मग खांद्यांवरचे हात मोजा. हात जास्त भरलाच, तर ब्रश उचलण्याआधी त्याचं नाव आठवतंय का, तेवढं बघा.