लाल गाडीचं गिऱ्हाईक

गजेंद्रची लाल स्पोर्ट्स सेडान विकायला निघाली ती त्याच्या वडिलांच्या गुडघ्यांपायी. ऑपरेशननंतर भगवानरावांना दर आठवड्याला मेहकरला व्यायामासाठी न्यायचं होतं. पहिल्याच खेपेला ते त्या बुटक्या गाडीत बसले ते बसलेच. दवाखान्यासमोर दोन माणसांनी काखेत हात घालून त्यांना वर उपसलं.

“गाडी आहे का विहीर आहे बे?” घरी येऊन त्यांनी विचारलं.

“मी सात वर्सांपासून हेच सांगून राह्यली,” गजेंद्रची बायको वंदना म्हणाली. “उंच गाडी घ्या अन् ही विका.”

डोणगावात खताचं दुकान चालवणाऱ्या गजेंद्रने आयुष्यात लाड केले ते या गाडीचेच. गतिरोधक आला की तो बायकोला खाली उतरवायचा आणि गाडी तिरकी करून एकेक चाक पलीकडे न्यायचा. पण वडिलांच्या गुडघ्यांपुढे त्याचं काही चालेना. जड हाताने त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली.

गिऱ्हाइकं आली. एकाने डिक्कीत सोयाबीनची किती पोती बसतात ते विचारलं. दुसऱ्याने मागे ट्रॉली जोडता येते का ते वाकून पाहिलं. तिसरा बॉनेटला टेकून फोटो काढून गेला. इंजिनाचा आवाज कुणी ऐकलाच नाही. गजेंद्रची भूक गेली.

चौथ्या आठवड्यात अमडापूरहून मोतीराम आणि सत्यभामाबाई हे भाजीपाला पिकवणारं जोडपं एसटीने आलं. मोतीरामने उपरण्याने आरसा पुसला. आता गाडी खरंच जाणार, या विचाराने गजेंद्रचा जीव कासावीस झाला. यांनी ती घेऊ नये, असं वाटून तो खरंखुरं सांगत सुटला.

“खालून घासते हो.”

“हळू नेऊ.”

“पेट्रोल लई पिते.”

“आमची म्हैस बी लई खाते.”

सत्यभामाबाई तोवर आत बसून डोळे मिटून टेकल्या होत्या.

“मावशी, यातून उठता येत नाही,” गजेंद्रने शेवटचं अस्त्र काढलं.

“उठाचं कायले?” त्या म्हणाल्या. “गाडी बसाले घेऊन राह्यलो ना.”

सौदा झाला. कागदांवर सह्या करताना गजेंद्रचं पेन दोनदा थांबलं. चावी हातात पडताच मोतीरामने ती परत त्याच्याच हातात ठेवली.

“आता घरी पोचवून द्या जी. आमच्यात चालवता कोणालेच येत नाही. पोरगं पुण्याले आहे, ते दिवाळीले येईन.”

गजेंद्रने दोघांना गाडीतून अमडापूरला पोचवलं. गाडी गोठ्याशेजारी लावून, तिच्यावर ताडपत्री पांघरून तो एसटीने परतला आणि न जेवता झोपला.

आठ दिवसांनी मोतीरामचा फोन आला. “गजेंद्रभाऊ, लोणारले लग्न आहे. येता का? तुमच्याबिगर गाडी चालू बी होत नाही.”

“जाऊ नका,” वंदना म्हणाली. “काऊन जीवाले लावून घेता?”

तो गेला. दोन एसट्या बदलून अमडापूरला पोचला, गाडी धुतली आणि नव्या मालकांना मागे बसवून लोणार गाठलं. मंडपात मोतीराम मानाच्या पंगतीला गेले. यजमानांनी गजेंद्रला हाताला धरून ड्रायव्हर लोकांच्या रांगेत बसवलं.

तो वरणात भात कालवत असताना एक तरणा माणूस गाडीभोवती फिरू लागला. त्याने टायर पाहिले, रंगावरून बोट फिरवलं, मॉडेलचं वर्ष अचूक ओळखलं. मग पंगतीत शिरून, गजेंद्रच्या मांडीजवळची चावी पाहून म्हणाला, “राजकुमार माझं नाव. दोन वर्सांपासून हीच गाडी शोधून राह्यलो. जिवापेक्षा जास्त जपीन. तुमी मालक का?”

गजेंद्रचा घास हातातच राहिला. असं गिऱ्हाईक त्याने तीन आठवडे देवाकडे मागितलं होतं.

“नाही भाऊ,” तो म्हणाला. “मी ड्रायव्हर.”

“मंग मालकाले विचारून पाहा ना, विकते का.”

गजेंद्र मान खाली घालून भात कालवत राहिला.

“मालक इकत नाहीत,” तो म्हणाला. “त्यायचा लई जीव आहे तिच्यावर.”