जागल्याला डुलकी कोणी लावली?

"ज्याच्या नुसत्या खाकरण्याने चोर आपणहून ऐवज जागेवर आणून ठेवतात, जो वास घेऊन गुन्हेगाराच्या चपलेचा रंग सांगतो, तो या शतकातला एकमेव रहस्यभेदक म्हणजे मी!" गुप्तहेर गरुडनेत्र दारातच म्हणाले. मागे त्यांची बायको उभी होती. तीच त्यांची मदतनीस. घरी विसरलेलं भिंग कोणाला तरी मागाहून आणावंच लागे.

चित्रकाराने त्यांना आत घेतलं. तो मुलांच्या मासिकात 'कॅप्टन जागल्या' काढायचा. हा सुपरहिरो रात्रभर मुलांच्या उशाशी उभा राहून वाईट स्वप्नांना मानगूट धरून हाकलायचा. टेबलापाशी मासिकाच्या संपादकबाई ताठ बसल्या होत्या.

"दोन अंक झाले, जागल्याचे डोळे मिटत चाललेत," त्या म्हणाल्या. "मुलं विचारतायत, राखणदारच पेंगतोय तर आम्ही कोणाच्या भरवशावर झोपायचं? आज कारण कळलं नाही तर जागल्या बंद. त्याच्या जागी शब्दकोडं."

"बाई, असं नका हो करू! मी डोळे उघडेच काढतो. माझा जीव आहे त्याच्यात." चित्रकाराने हात जोडले. बायकोला त्याची फार दया आली.

गरुडनेत्रांनी भिंग रोखलं. "शर्ट उलटा! म्हणजे ओळख लपवताय. खांद्यावर पांढरा डाग! चुना. रात्री कोणाची तरी भिंत चढलात."

"दूध आहे ते," चित्रकार म्हणाला.

"दूधवाला सामील आहे, लिहून घे गं!"

बायकोने लिहून घेतलं नाही. गेल्या वेळी असाच गोवलेला दूधवाला अजून त्यांच्याकडे दूध टाकत नव्हता.

मग संशय शाईवाल्यावर गेला, कारण उघड्या डोळ्यांची शाई म्हणे उन्हात उडून जाते. तिथून तो गादीवाल्यावर आला आणि संपादकबाईंच्या पर्सपाशी येऊन थांबला. त्यांनी नुसतं पाहिलं, तसा तो पुढे सरकला. तेवढ्यात आतल्या खोलीतून कोणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळलं.

"तपासात अडथळा!" गरुडनेत्र गरजले.

"बाळ आहे ते," म्हणत बायको आत गेली आणि बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली.

"दात येतायत त्याला," चित्रकार ओशाळून म्हणाला. "रात्री मी आणि त्याची आई आळीपाळीने जागतो. सध्या ती ऑफिसात आहे."

गरुडनेत्र टेबलावरच्या आरशात मिशा नीट करत होते. बायकोने विचारलं, "भाऊ, कामाच्या टेबलावर आरसा कशाला?"

"चेहरा काढायला, वहिनी. जागल्या रागावणार असेल तर आधी मी रागावतो, मग आरशात बघून तसाच काढतो."

"मग आत्ता जरा बघा त्यात."

त्याने पाहिलं. आरशातून अर्धवट मिटल्या डोळ्यांचा जागल्या त्याच्याकडे बघत होता.

संपादकबाईंनीच उशी आणून दिली. "पडा आधी. चित्र उद्या द्या. शब्दकोडं कुठे पळून जात नाही."

"मला हेच म्हणायचं होतं," गरुडनेत्र म्हणाले. बायकोने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि नजर ठेवायला सांगून ती दूध गरम करायला गेली. घरात दूधच नव्हतं; ते आणून, तापवून ती तासाभराने परतली तेव्हा चित्रकार ताजातवाना होऊन कागदावर वाकला होता. बाळ टक्क जागं होतं. गरुडनेत्र तोंड उघडं टाकून घोरत होते.

पुढच्या अंकात जागल्याचे डोळे चांगले टपोरे होते. त्याच्या पायाशी एक नवा राक्षस होता, पोट सुटलेला, झुपकेदार मिशांचा, घोरणारा, आणि जागल्या त्याला पांघरूण घालत होता. त्याला एकही मूल घाबरलं नाही. सगळ्यांनी कळवलं, आम्ही शांत झोपलो.

गरुडनेत्रांनी मात्र ते चित्र चहा निवेपर्यंत भिंगातून न्याहाळलं.

"याला कुठेतरी पाहिलंय मी. सराईत दिसतो. याच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे."

"ठेवून आहे मी," बायको म्हणाली, आणि तिने चहा पुन्हा गरम करायला नेला.