पोट सुटलेलं पांघरूण

आजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा बाळाच्या पांघरुणाचा जेमतेम एक कोपरा विणून झाला होता. खरं तर ती अजून आजी झाली नव्हती आणि आजोबाही आजोबा झाले नव्हते. लेकीचे दिवस भरायला अवकाश होता. पण बढतीचा हुकूम हातात पडायच्या आधीच दोघांनी पदभार स्वीकारला होता, तेव्हा आपणही त्यांना तसंच म्हणू.

पडायला कारणही ते पांघरूणच झालं. लोकरीची पिशवी कपाटावर होती. आजी स्टुलावर चढली, पिशवी ओढली आणि पिशवीसकट खाली आली. बाकी अंगाला लोकरीने वाचवलं, मनगट तेवढं लोकरीच्या बाहेर राहिलं.

"मला हाक मारायची ना," आजोबा दवाखान्यातून परत येताना म्हणाले.

"मारली होती. तुम्ही 'आलोच' म्हणालात."

आजोबांच्या 'आलोच'ला वर्तमानपत्राचं शेवटचं पान संपेपर्यंत वेळ लागतो, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आजीला ठाऊक असायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भांडी नाहीत, झाडू नाही आणि विणकाम तर मुळीच नाही. एरवी यातल्या पहिल्या दोन गोष्टी ऐकून आजी खूश झाली असती. आता मात्र तिचा चेहरा पडला होता.

त्याला कारण होत्या विहीणबाई. त्यांची अख्खी नोकरी शाळेत शिवण-विणकाम शिकवण्यात गेली होती. त्यांनी विणलेल्या कापडाची उलटी बाजू कुठली हे भल्याभल्यांना कळत नसे. आजीही चांगलं विणायची, पण ते चांगलं म्हणजे घरातल्या घरात चांगलं. मागच्याच आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला होता. "मी बाळासाठी एक पांघरूण करतेय हो. तुम्ही उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका." हे त्या अगदी मायेने म्हणाल्या, आणि तेच आजीला जास्त झोंबलं.

"अहो, माझं होत आलंय," आजी म्हणून गेली.

"खरंच? मग माझं राहू दे. बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं ते तुमच्याच पांघरुणात."

विहीणबाईंनी एवढा मोठेपणा दाखवला नसता तर बरं झालं असतं. आता नातवंडाने जगातला पहिला प्रवास आपल्या हातच्या लोकरीत करायचा, ही एकच गोष्ट आजीच्या डोक्यात बसली होती. आणि हात तर गळ्यात बांधलेला होता.

"तुम्ही विणाल का?" तिने संध्याकाळी आजोबांना विचारलं.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात त्यांचा जन्म गेला होता. क्रोशाची सुई त्यांनी आजवर एकदाच हातात धरली होती, तीही मोरीत अडकलेले केस काढायला. पण हाक मारूनही आपण उठलो नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

"दाखव," ते म्हणाले.

आजीने डाव्या हाताने आणि बाकी तोंडाने शिकवलं. लोकरीचे छोटे छोटे चौकोन विणायचे आणि शेवटी एकमेकांना जोडायचे. मधोमध गोल, मग साखळी, मग खांब, मग कोपरा.

"मापात इकडेतिकडे किती चालेल?" आजोबांनी विचारलं.

"चालेल थोडंफार. बाळ आहे ते, बेअरिंग नाही."

आजोबांना हे पटलं नाही. इकडेतिकडे चालवून घेणाऱ्या माणसाला त्यांच्या खात्यात कुणी मशीनला हात लावू दिला नसता. त्यांनी प्रत्येक टाका बोल्ट आवळावा तसा आवळला. सुई लोकरीतून जाताना कुरकुरायची. पहिला चौकोन झाला तेव्हा त्यांनी तो टेबलावर उभा करून ठेवला, आणि तो उभा राहिला.

"घट्ट झालाय जरा," आजी म्हणाली.

"उसवणार नाही," आजोबा म्हणाले.

आजीने टाके मोजले. टाके बरोबर होते. तिच्या आईने तिला एवढंच शिकवलं होतं की टाके बरोबर असले की काम बरोबर. त्यामुळे तिने मान डोलावली आणि कडेच्या ओळींसाठी काढलेली सगळी निळी लोकर आजोबांच्या हवाली केली.

तरी वेग पुरेना. तेव्हा समोरच्या दारातली पार्लरवाली धावून आली. ती आजीला काकू म्हणायची आणि काकूंसाठी काहीही करायची तिची तयारी असायची. "काकू, मधली पिवळी मला द्या. गिऱ्हाईक नसलं की मी बसलेलीच असते." शाळेत असताना ती क्रोशा शिकली होती आणि तिला बऱ्यापैकी आठवतही होता. फक्त इतकी वर्षं बायकांच्या केसांचा गुंता दुखू न देता सोडवून तिचा हात फार हलका झाला होता. लोकर ओढायची वेळ आली की तिचं मन धजायचं नाही. तिचे टाके ऐसपैस पाय पसरून बसायचे. तिने पिवळे चौकोन पिशवीत भरून आणून दिले. आजीने चष्मा लावून एकेकाचे टाके मोजले. तेही बरोबर होते.

निळे चौकोन आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत होते, पिवळे कपाटात. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असं कुणालाच सुचलं नाही. आजोबा आपले निळे चौकोन रोज मापून बघत आणि सगळे एकसारखे निघाले म्हणून खूश होत. ते एकमेकांसारखे होते यात शंका नव्हती.

बाळाने मात्र डॉक्टरांच्या तारखेची वाट पाहिली नाही. एका सकाळी जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी ठणठणीत होत्या आणि परवा घरी सोडणार होते. आजीला रडू आलं, आजोबांना शिंक आली, आणि मग दोघांच्या एकदमच लक्षात आलं की चौकोन अजून जोडायचे आहेत.

पार्लरवालीने दुकानाला कुलूप लावलं. आजी मध्ये बसून सांगत होती, एका बाजूने आजोबा आणि दुसऱ्या बाजूने ती टाक्याला टाका जोडत होते. आधी सगळा पिवळा भाग झाला. मग एका कोपऱ्यात आजीने आधी विणलेले चौकोन धरून भोवतीने निळी कड लागत गेली. निम्मी कड लागेपर्यंत सगळं ठीक दिसत होतं. शेवटची बाजू जोडायला घेतली तेव्हा पार्लरवाली म्हणाली, "काकू, हे वर येतंय."

"काय वर येतंय?"

"मधलं."

शेवटची गाठ मारून पांघरूण पलंगावर पसरलं. ते पसरलं नाही. निळी कड पलंगाला चिकटून बसली आणि मधला पिवळा भाग निवांतपणे वर आला. जेवण झाल्यावर पट्टा सैल करून बसलेल्या माणसासारखं ते दिसत होतं.

"पोट सुटलंय याचं," आजोबा म्हणाले.

आजीने त्यांच्याकडे पाहिलं. ते इस्त्री आणायला उठले.

इस्त्रीने एका बाजूने दाबलं की पोट दुसऱ्या बाजूला जायचं. ओलं करून टाचण्या लावल्या तर टाचण्या उडाल्या. पार्लरवाली त्यावर उशी ठेवून बसून राहिली. ती उठल्यावर पांघरूणही तिच्याबरोबर उठलं. उलटं करून पाहिलं तर त्याची भलीमोठी वाटी झाली. आजोबांनी अखेर पट्टी लावून एक निळा आणि एक पिवळा चौकोन मापला. पिवळा बोटभर मोठा निघाला.

"टाके तर सारखेच होते," आजी म्हणाली.

"टाके सारखे होते," आजोबा हळूच म्हणाले. "हात सारखे नव्हते."

उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. बाळ विहीणबाईंनी घाईने पुरं केलेल्या पांघरुणातून घरी गेलं. आजीने फोनवर सांगितलं की आपलं अजून थोडं राहिलंय. त्या दिवशी ती जेवली नाही. "माझा एक हात मोडला म्हणून काय झालं," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना कामाला लावलं आणि तरी माझ्या नातीला माझं काही मिळालं नाही." आजोबांनी तिच्या उशीपाशी पाणी ठेवलं आणि तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघं लेकीकडे गेले. बाळाचं रडणं जिन्यापासूनच ऐकू येत होतं. आत सगळं घर दमलेलं होतं. विहीणबाईंचं पांढरंशुभ्र पांघरूण अंथरलेलं होतं, तळ्यातल्या पाण्यासारखं सपाट, आणि त्यावर ती एवढीशी मुलगी हातपाय झाडत होती. गुंडाळलं तरी सुटत होती, उचललं तरी रडत होती.

"काल आल्यापासून हेच," लेक म्हणाली. "पोट भरलेलं आहे, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. आई, मला काही कळत नाहीये गं."

तेव्हा आजोबांनी आपल्या पिशवीतून ती वाटी काढली. त्यांनी ती का आणली होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आजीला तर नाहीच. आजीने डोळे मिटून घेतले.

"अहो, कशाला ते," ती पुटपुटली.

"माझ्या मांडीवर दे तिला," आजोबा लेकीला म्हणाले. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली आणि बाळ तिच्यात निजवलं. पिवळा भाग पाठीखाली खोल गेला आणि निळी कड भोवतीने बरोब्बर आवळली गेली. हातपाय झाडायला जागाच उरली नाही. मुलीने एक हुंदका दिला, विचार केल्यासारखं केलं आणि झोपली.

घरात इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातला नळ टपकताना ऐकू येऊ लागला. विहीणबाई जवळ आल्या. त्यांनी वाकून निळी कड बोटांनी चाचपली, मग पिवळा भाग.

"किती विचार केलाय तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या. "कडेला हात आवळता घेतलाय आणि मध्ये सोडलाय. टाके तेच." आजीचा हात पांघरूण होत आल्यावरच मोडला, असं त्या धरून चालल्या होत्या.

खरं काय ते सांगून टाकावं असं आजीला अगदी मनापासून वाटलं. पण बाळ जागं होईल म्हणून ती गप्प राहिली.

पुढच्या आठवड्यात विहीणबाई आजीच्या दारात उभ्या राहिल्या. बरोबर पिशवी होती. बाळ त्या वाटीखेरीज कशातच झोपत नाही, आणि वाटी धुवायला टाकली की घरात आकांत होतो. तेव्हा दुसरी हवी. त्यांनी पिशवीतून एकामागून एक नमुने काढून टेबलावर ठेवले. सगळे सुबक होते आणि सगळे सपाट.

"कितीदा केलं. मी सैल घ्यायला जाते आणि हात आपोआप जागेवर येतो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता. "माझ्याच्यानं नाही होत. तुम्ही शिकवाल का?"

आजीने सगळं सांगितलं. स्टुलापासून, मोडलेल्या मनगटापासून, लेथपासून, पार्लरपासून. सांगताना तिचे कान तापले होते. विहीणबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

"म्हणजे तुम्ही यात एक टाकासुद्धा घातला नाही?"

"एका कोपऱ्यात घातलेत की."

"मग आता?"

"आता काय, पुन्हा आम्ही तिघांनी बसायचं," आजी म्हणाली आणि समोरच्या दाराकडे बघून हाक मारली. पार्लरवाली आली, तिने पिवळी लोकर घेतली. आजोबांनी निळी घेतली आणि पहिलाच टाका असा आवळला की सुई कुरकुरली. विहीणबाईंनीही उत्साहाने आपली सुई काढली.

आजीने त्यांच्या हातातून ती अलगद काढून घेतली. "तुमचा हात यात चालायचा नाही. मध्ये घातलात तर सपाट होईल, कडेला घातलात तरी सपाट होईल."

"मग मी काय करू?"

"तुम्ही गुंडे करून द्या लोकरीचे."

विहीणबाई खाली सतरंजीवर बसल्या. शाळेतल्या कितीतरी मुलींना त्यांनी पुन्हा पुन्हा उसवायला लावलं असेल, पण त्यांना स्वतःला चूक दाखवणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं. त्या मान खाली घालून लोकर गुंडाळत राहिल्या. पहिला गुंडा झाल्यावर त्यांनी तो आजीपुढे धरला. आजीने तो डाव्या हातात घेतला, दाबून पाहिला, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला.

"जरा घट्ट झालाय," ती म्हणाली. "सोडा आणि पुन्हा करा."

गुंडा अगदी बरोबर झाला होता. हे आजीला कळत होतं आणि विहीणबाईंनाही कळत होतं. पण त्यांनी लोकरीचं टोक शोधलं आणि गालातल्या गालात हसत गुंडा सोडायला घेतला.